तुळजाचं हँग होणारं मशीन

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं, ते उघडंच राहिलं. "ती गोळी आता ताबडतोब," एवढं ते बोलले आणि पडद्यावर थिजले. एक हात वर, चष्म्याच्या काचेत कुठल्याशा खिडकीचा चौकोन. आवाजाचा शेवटचा तुकडा मशीनमध्ये अडकून टर्रटर्र वाजत राहिला, मग तोही बंद झाला. इकडे खाटेवर नरहरी श्वास ओढत होता. त्याची नखं जांभळट झाली होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं.

तुळजानं मशीनच्या डाव्या कडेचं एक बटण दाबलं. परत दाबलं. मोठी अक्षरं उमटवायचं ते बटण. एरवी ते दाबलं की बारीक दिवा लागतो, परत दाबलं की विझतो. दिवा विझलेला होता, विझलेलाच राहिला.

"गेलं," ती म्हणाली.

"ताबडतोब काय? वाढवायची की थांबवायची?" मी विचारलं.

"ते सांगायच्या आधी गेलं."

"मग थांबव. इतक्या औषधानं धट्टाकट्टा माणूससुद्धा आडवा होईल."

"अंबाक्का, दोन्हीतलं एक चूक आहे. कुठलं ते मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. कळेपर्यंत काही बदलायचं नाही." तिनं गोळ्यांची पट्टी उचलली आणि वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. मग मशीनचं चालू-बंदचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं.

कोरोनाचे दिवस होते. कुंभकोणमच्या एकाही दवाखान्यात खाट शिल्लक नव्हती. नरहरी तिचा धाकटा भाऊ. तिरुविडैमरुदूरला भाताच्या गिरणीत त्याचा जन्म गेला आणि कोंड्याची धूळ छातीत बसली. त्या धुळीवर आता हा रोग. चेन्नईचे एक डॉक्टर त्याची छाती आधीपासून बघत होते, पण त्यांची पाळी मशीनवरच मिळायची. त्यांच्या दवाखान्याला फोन लावला की नुसतं गाणं वाजायचं. आम्हां दोघींचे फोन बटणांचे. गल्लीतल्या मुलांकडे मोठे फोन होते, पण त्या दिवसांत आमच्या दाराकडे कोणी मान वळवून बघत नव्हतं. म्हणजे मशीन तेवढं होतं, आणि हे मशीन असं भर वेळेला मरणारं.

मी सत्तरी ओलांडलेली. नरहरीचा ताप कळला त्या दिवशी मी त्यांच्या घरात गेले आणि मग तिथेच राहिले. घरी मुलगा ओरडला. मी म्हटलं, आता परत आले तर तुम्हालाच घेऊन येईन तो रोग, त्यापेक्षा जेवण दारात ठेव.

तुळजा माझी शेजारीण. मेलकावेरीत आमच्या दोन घरांना भिंत एकच. तिच्याकडे नारळ फोडला तर आमच्याकडे ऐकू येई. तिची माणसं आमच्यासारखीच, तंजावरच्या राजवाड्यामागून इकडे आलेली, घरात मराठी बोलणारी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मी पाचवीपर्यंत शिकले, तीही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं बापानं घरी शिकवली. तुळजा पुष्कळ शिकली. तंजावरला एका कॉलेजात कंप्यूटरच्या खोलीत तिची नोकरी होती, रोज सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची. तिथली सगळी मशीनं ती सांभाळायची. लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"स्थळ आलं होतं. त्याच महिन्यात कॉलेजात नवी मशीनं आली. मग राहून गेलं."

"नवी मशीनं रोज येतात का गे?"

"स्थळंही नाही आली मग," ती म्हणाली. तिला त्याचं काही वाटत असेल तर ते मला कधी दिसलं नाही.

उंच, हाडकुळी बाई. केस आवळून बांधलेले. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन ती पुढे ढकलत राहिली, कारण तिच्यामागे नरहरीला कोण बघणार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि त्यातच एक बारीक स्क्रूड्रायव्हर. चालताना वाजायची, त्यामुळे ती कुठे आहे ते भिंतीपलीकडूनही कळायचं.

कोणी काही तक्रार सांगितली की ती सहानुभूती दाखवत नसे. एकच प्रश्न विचारी, "कालपासून काय बदललं?" पोट दुखतंय म्हटलं तरी हाच प्रश्न, सून बोलत नाही म्हटलं तरी हाच. मोटार पाणी ओढत नाही म्हटलं तरी तोच. लोक म्हणत, काही बदललं नाही. ती म्हणे, "काहीतरी बदललंय. तुम्हाला ते बदल वाटत नाही एवढंच." माणसं वैतागून जात. माझी सून तर म्हणायची, तुळजाक्कांकडे दुखणं घेऊन जाण्यापेक्षा दुखणं बरं.

मला एकदा अंगभर खाज सुटली. डॉक्टर झाले, मलम झालं. मग तुळजानं मला हाती घेतलं. एका वेळी एक गोष्ट सोडायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आठवडाभर बघायचं. आधी वांगं सोडलं. मग चिंच. मग अंगाचा साबण, मग कॉफी. कॉफी सोडल्यावर खाजेपेक्षा डोकं जास्त दुखलं. दोन सोडू या एकदम, म्हटलं, लवकर आटपेल. "मग बरं जाहलं तर कशानं जाहलं ते कसं कळणार?" असं म्हणून तिनं मला परत चिंचेवर आणलं आणि हळद बंद केली. असे महिने गेले आणि एक दिवस खाज आपली आपण गेली. काही सोडलेलं नसताना गेली. मी सुटले. ती चिडली. बरं झालं एवढं तिला पुरत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी घेऊन माझ्या दारात उभी.

"हे खा. परत सुटते का बघू."

"तुला खाजवायचं असेल तर तूच खा," मी म्हटलं आणि दार लावलं. पुष्कळ दिवस आमचं बोलणं नव्हतं.

तर मशीन. तिच्या भाचीच्या नवऱ्यानं दिलेला तो लॅपटॉप, पातळ, पाटीसारखा. त्यात सगळ्यांचं असतं ते विंडोज तिनं पुसून टाकलं आणि स्वतःचं काहीतरी भरलं. युनिक्सच्या घराण्यातलं आहे म्हणायची. नोकरीभर ती त्याच घराण्याशी बोलली होती, आता म्हातारपणी दुसरं शिकायचं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मला ते दुखवट्याच्या पत्रासारखं दिसायचं.

मशीन एरवी बरं चाले. हिशेब करा, वाचा, लिहा, काही नाही. इंटरनेट जरा जोरात वापरायला घेतलं, म्हणजे डॉक्टरांचं तोंड बघायचं किंवा भाचीशी बोलायचं, की थोड्या वेळानं सगळं जागच्या जागी थिजायचं. बाण हलत नाही, बटण घेत नाही, काही नाही. मग ते दिव्याचं बटण दाबून बघायचं. दिवा पालटला तर आत अजून कोणीतरी आहे, नाही पालटला तर कोणी नाही, असं ती मला सांगे.

मोठ्या बाजारातला रिपेअरवाला मुरुगन घरी येऊन बघून गेला. "अम्मा, विंडोज टाकून देतो. सगळं सरळ होईल."

"शिंका येतात म्हणून डोकं बदलू का, मुरुगा?"

"सगळ्यांचं तेच डोकं आहे, अम्मा. कोणी तक्रार करत नाही."

"करतील कोणाकडे? ते बनवणारे कोणाला विचारतच नाहीत," ती म्हणाली. मुरुगन कॉफी पिऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता. नंतर तिला जुन्या मशीनमधला सुटा भाग पाहिजे होता तो त्यानंच आणून दिला.

तिनं शोध सुरू केला तो खाजेसारखाच. मशीन पालथं घातलं, बारके स्क्रू वाटीत काढले. आत अंगठ्याच्या पेराएवढं एक कार्ड होतं, केसासारख्या दोन तारा त्याला जोडलेल्या. नेटवर्क कार्ड. घरातल्या भिंतीवरच्या डब्यातून इंटरनेट हवेतून येतं ते हे कार्ड झेलतं, असं तिनं मला सांगितलं. कार्ड काढून मशीन दिवसभर चालवलं. एकदाही हँग नाही. परत घातलं. दुपारपर्यंत हँग. म्हणजे दोष कार्डाशी आहे. मग मुरुगननं आणलेलं त्याच जातीचं दुसरं कार्ड घातलं. तेही हँग. म्हणजे, ती म्हणाली, कार्ड बिघडलेलं नाही. दोन्ही कार्डं एकाच वेळी कशी बिघडतील? कार्डाला चालवणारा जो प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, त्यात चूक आहे. मला हे बरोबर वाटलं. कोणालाही बरोबर वाटलं असतं.

तिला एकाच डोळ्यानं दिसायचं आणि बारीक अक्षर तेही नाही. मशीन मरायच्या आधी कधीकधी पडद्यावर इंग्रजी ओळी टाकून मरायचं. त्या ओळी कुठे साठत नसत, मशीनच मेलेलं. त्या वाचायला मी. इंग्रजी मला येत नाही, पण अक्षरं येतात. मी एकेक अक्षर सांगायची, ती मोठ्या अक्षरात कागदावर उतरवायची.

"मग आय. मग डब्ल्यू. मग एक वाटोळं."

"शून्य की ओ?"

"वाटोळं आहे म्हटलं ना."

"बारकं वाटोळं की गरगरीत?"

"तुझ्या तोंडासारखं. लांबुळकं."

"म्हणजे शून्य. पुढे सांगा."

अशा माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. सून विचारायची, काय वाचता हो तिथे? मी सांगायची, मेलेल्याची शेवटची वाक्यं.

ते कागद ती मग मशीनवर परत टाईप करायची आणि कुठेतरी पाठवायची. जगभरचे लोक तो ड्रायव्हर फुकट लिहितात आणि दुरुस्त करतात. त्यातला एक माणूस उत्तर द्यायचा. थंडीच्या देशातला. त्याचं नाव मला उच्चारता आलं नाही, मी त्याला बर्फवाला म्हणायची, मग तीही म्हणू लागली. बर्फवाल्याकडे तेच कार्ड होतं. त्याच्याकडे ते कधी हँग होत नव्हतं. तो ड्रायव्हरला ठिगळ लावून पाठवायचा, ती ते घालून बघायची, परत हँग. "माझ्याकडे होत नाही," असं त्यानं परत लिहिलं की तुळजाचे ओठ मिटून रेघ व्हायची.

"खोटं बोलतेय असं वाटतं का त्याला?" मी विचारलं.

"खोटं नाही. वेडी आहे असं वाटतं."

"ते मलाही वाटतं."

बर्फवाल्यानं एकदा विचारलं, तिथे फार उकाडा आहे का, मशीन तापत असेल. तिनं लिहिलं, पंख्याखाली आहे. त्यानं विचारलं, मऊ गादीवर वगैरे ठेवत नाही ना, टेबलावर असतं ना. तिनं लिहिलं, लाकडावर असतं. हे तिनं मला वाचून दाखवलं. मी तिथेच मशीनसमोर बसलेले होते आणि मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

आता तिच्या सोवळ्याचं सांगायला पाहिजे. इकडे त्याला मडी म्हणतात. तुळजा कॉलेजात शिकलेली, मशीनं उघडून जोडणारी, पण सकाळी आंघोळ करून मडीचं लुगडं नेसली की स्वयंपाक आणि पूजा होईपर्यंत कशाला शिवायची नाही. आईनं लावलेलं वळण, ते तिनं नोकरीतही मोडलं नाही, पहाटे उठून सगळं आटपून गाडी धरायची. निवृत्त झाल्यावर पूजा लांबली. डॉक्टरांची पाळी सकाळची असायची. मडीत असताना मशीनला हात लावायचा म्हणजे पंचाईत. तिनं तोड काढली. लोकरीला विटाळ लागत नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. आईची जुनी धाबळी होती, घट्ट लोकरीची. तिची घडी करून पाटावर घातली आणि धाबळीवर मशीन. झालं, मशीन सोवळ्यात.

"परक्या देशात कुणाकुणाच्या हातचं ते," मी म्हटलं, "त्याला कसलं सोवळं गे?"

"मला पाहिजे म्हणून."

"आणि त्यातून डॉक्टर चपला घालून घरात येतात ते?"

"डॉक्टर पडद्याच्या आतच बसतात," ती म्हणाली. हसली नाही. ही थट्टा आहे की खरं, हे तिच्या बाबतीत कळायचं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांचं वाक्य अर्धं राहिलं तेव्हाही ती मडीतच होती आणि मशीन धाबळीवर. मशीन परत चालू झालं. दवाखान्याचं पान उघडलं. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले होते, आम्ही परत रांगेत. पडद्यावर नुसतं एक चाक फिरत होतं. नरहरीला बसूनही राहवेना आणि पडूनही. माणूस दम लागून बोलतो तेव्हा शब्द निवडून बोलतो, तो काहीच बोलत नव्हता. चाक फिरता फिरता परत सगळं थांबलं. चाकसुद्धा. तिनं दिव्याचं बटण दाबलं. काही नाही.

तेव्हा मी तिला म्हटलं, "फेकून दे ते. मी मुलाला हाक मारते, तो कुठूनतरी मोठा फोन आणेल."

"मारा हाक," ती म्हणाली आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. मुलाला मी हाक मारली. तो गेला, पण कोण देणार होतं.

तेवढ्यात नरहरीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. खाट हलत होती. अंगावर होतं ते पांघरूण पातळ, चैत्र-वैशाखाचे दिवस, घरात जाड काही वर काढलेलं नव्हतं. तो म्हणाला, "अक्का, थंडी." सकाळपासूनचा तो त्याचा पहिला शब्द.

तुळजानं इकडेतिकडे पाहिलं नाही. एका हातानं मशीन उचललं, दुसऱ्या हातानं खालची धाबळी ओढली, मशीन नुसत्या पाटावर ठेवलं आणि धाबळी उलगडून नरहरीवर घातली. चहूकडून खोचली. त्याचे पाय हातांनी चोळले. रोग्याच्या अंथरुणाला शिवली, घामेजल्या कपड्यांना शिवली, मडी बिडी सगळं संपलं. मग तशीच येऊन मशीनसमोर बसली. 

परत रांग. परत चाक. मग डॉक्टर आले. तिनं नमस्कारही केला नाही. "सार, गोळी ताबडतोब काय करायची?"

"अहो, तुम्ही गेलात कुठे?" डॉक्टर म्हणाले. "थांबवू नका. मुळीच थांबवू नका, जीवावर बेतेल. दुप्पट करा, आत्ता द्या. आणि त्याला पालथं झोपवा."

मी फळीकडे पाहिलं. हात पोचत असता तर मी ती पट्टी केव्हाच अंगणात टाकली असती. तुळजानं ती काढली, गोळी दिली. दोघींनी मिळून नरहरीला पालथा केला, तो हाडांचा असूनही जड लागला. डॉक्टर पडद्यातून बघत होते. "मशीन त्याच्याकडे वळवा. पाठ दाखवा. ऑक्सिजन वाढवा, आणखी. आता असंच ठेवा, मी बघतोय." ते बघत राहिले. त्याचे श्वास मोजत राहिले. मधे दुसऱ्या कुणाशी बोलले, परत आमच्याकडे आले. खूप वेळ. पाटाच्या कडेला बसून मी त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, आता थिजेल, आता थिजेल. ते नाही थिजले. नरहरीची नखं हळूहळू माणसाच्या नखांसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी परत या, आणि गेले.

तुळजा उठली नाही. मशीनकडे बघत बसली होती. मला वाटलं, रडतेय की काय. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरलं आणि प्यायली नाही.

"अंबाक्का," ती म्हणाली, "हे इतका वेळ चाललं."

"चाललं ना. देवाला नमस्कार कर."

"आज एकच बदललं." तिनं पाटावर हात ठेवला, मग मशीन उचलून त्याच्या पोटाला तळहात लावला. पोटाला जाळी होती, बारीक भोकांची. हवा घ्यायची. ती म्हणाली, "मी त्याला लाकडावर आहे म्हणून लिहिलं."

मग माझ्याही ध्यानात आलं. घट्ट लोकरीच्या घडीवर ते मशीन महिनोन्‌महिने नाक दाबून बसलं होतं. कार्ड तापायचं, तापलं की मरायचं. दुसरं कार्ड घातलं, तेही त्याच धाबळीवर. आम्ही दोघींनी ती धाबळी रोज पाहिली. ती आम्हाला वस्तू वाटलीच नाही. ते सोवळं होतं.

दुसरी कोणी असती तर धाबळी धुऊन ठेवून दिली असती आणि विसरली असती. नरहरीचा ताप उतरला, तो आपल्या हातानं पेज पिऊ लागला, तेव्हा तुळजानं धाबळी धुऊन वाळवली आणि परत मशीनखाली घातली. भाचीला व्हिडिओ लावला. हँग. धाबळी काढली. चाललं. घातली. हँग.

"तुला मशीन बिघडवायची हौस आहे," मी म्हटलं.

"हौस नाही. आता हे मला करता येतं." तिचे सगळे दात दिसले. एवढ्या वर्षांच्या शेजारात मी ते तेव्हाच पाहिले. समोरचा एक नव्हता.

बर्फवाल्याला तिनं लांबलचक लिहिलं. मला मराठीतून सांगत सांगत इंग्रजीत लिहिलं. माझी चूक आहे, मी लोकरीचं लिहिलं नाही. पण कार्ड तापलं म्हणून अख्ख्या मशीननं मरायचं कारण नाही, ती तुझी चूक आहे. ड्रायव्हरनं कार्ड बंद करावं आणि बाकीचं मशीन चालू ठेवावं. मी म्हटलं, कशाला त्याला बोलतेस, धाबळी काढली, संपलं. ती म्हणाली, "माझ्यासारखी दुसरी कोणी कशावर ठेवत असेल ते मला काय ठाऊक?" त्यानं नवं ठिगळ पाठवलं. तिनं मशीन धाबळीवर ठेवून बघितलं. कार्ड तापलं, इंटरनेट गेलं, पण मशीन जिवंत राहिलं. बटण दाबलं, दिवा लागला. त्यानं तिचे आभार मानणारी एक ओळ लिहिली होती. ती तिनं मला वाचून दाखवली नाही, मीच अक्षर अक्षर लावून तिचं नाव तेवढं ओळखलं.

हे चाललं असताना ती खोकत होती. पहिल्यापासूनच खोकत असावी. कालपासून काय बदललं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही, किंवा विचारलं असेल आणि मला सांगितलं नाही. मलाही ताप आला होता, पण माझा ताप आला आणि गेला. तिचा वर चढत राहिला. ऑक्सिजनचं यंत्र एकच, ते नरहरीला लावलेलं. ती म्हणायची, रात्री तो झोपला की मी थोडं घेईन. घेतलं की नाही मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी तिला पडद्यातून पाहिलं आणि आपल्या ओळखीनं तंजावरला खाट मिळवून दिली.

अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली. आत शिरत नव्हती. प्लास्टिकच्या झग्यातली दोन माणसं उचलायची खुर्ची घेऊन आली, तर ही चालत निघाली. साधं सुती पातळ, कमरेला किल्ल्या नाहीत, त्या नरहरीच्या उशाशी. गल्लीतल्या खिडक्या बंद होत्या. मी मागून गेले, त्या माणसांनी मला लांब उभं केलं.

"नरहरीला रात्री ताक देऊ नका," ती चढताना म्हणाली.

"मला शिकवू नकोस. जा."

तिला आडवं व्हायला सांगत होते, ती बसूनच राहिली. तोंडावर नळी लावली. मला वाटलं, वळून बघेल. ती बघत होती ऑक्सिजनच्या नळकांड्यावरच्या काट्याकडे, बऱ्या डोळ्यानं, मान वाकडी करून. मग त्या झगेवाल्याला बोटानं काहीतरी दाखवलं, त्यानं तिथली चावी पिळली आणि दार लावलं.

ती परत आली नाही. तिकडेच दहन केलं, आम्हाला नेलं नाही. मी वाचले. नरहरी वाचला. तो भिंतीपलीकडे राहतो.